घोड नदीकाठचं नऊशे वर्षांचं गाव

नमस्कार. प्राचीन महाराष्ट्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कार्ले, भाजे, अजिंठा येतात. दगडात कोरलेलं टिकतं, म्हणून ते दिसतं. पण लेण्यांसाठी पहिली छिन्नी चालली त्याच्या हजार वर्षांहून आधी या दख्खनमध्ये शेती करणारी, नांदती गावं होती. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, सारवलेल्या जमिनी. वर काहीच उरलं नाही. उरली ती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं. त्यातलंच एक आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे: पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं इनामगाव.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे 1968 मध्ये उत्खनन सुरू केलं आणि ते पुढे अनेक हंगाम चाललं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे पुरातत्त्वज्ञ त्यामागची नावं. तोवर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उभे, खोल खड्डे घेतले जात. त्यातून कोणत्या थरावर कोणता थर आला हे कळतं, पण माणसं कशी राहत होती हे कळत नाही. इनामगावला आडवं, पसरट खणलं गेलं. शंभराहून अधिक घरं उघडी पडली. कुठे चूल, कुठे धान्याचं बळद, कुठे अंगण, हे सगळं एका नजरेत दिसू लागलं. दख्खनच्या पुरातत्त्वात याइतकं मोलाचं काम क्वचितच झालं असेल, असं मी पूर्ण विचारांती म्हणतो.

वस्तीचे तीन काळ आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 1400 हा माळवा संस्कृतीचा, 1400 ते 1000 पूर्व, म्हणजे आधीच्या, जोर्वेचा आणि 1000 ते 700 उत्तर, म्हणजे नंतरच्या, जोर्वेचा. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. या काळाची ओळख असलेली मृद्भांडी तिथे 1950-51 मध्ये पहिल्यांदा नीट ओळखली गेली, म्हणून हे नाव. चाकावरची, लाल, वर काळ्या रंगाची नक्षी, आणि इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर खणकन वाजतात.

पूर्व जोर्वे काळातलं गाव भरभराटीचं होतं. चौकोनी, ऐसपैस घरं ओळीत, मध्ये बोळ. कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारे हे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. नदीच्या पुराचं पाणी वळवायला लोकांनी कालवा खणला होता, बांध घातला होता. मुख्य पीक सातूचं, म्हणजे जवाचं. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. हे सगळं कळतं ते जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून. माती पाण्यात कालवली की हे हलके दाणे वर तरंगतात आणि बारीक चाळणीत धरता येतात. सोन्याच्या मण्यापेक्षा मला असा एक काळा दाणा अधिक बोलका वाटतो, कारण तो गावाची रोजची भाकरी सांगतो.

आता दफनांबद्दल. इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

इनामगावला मेलेलं माणूस गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यांत बाळाला. शेजारी तोटीचं भांडं, एखादा वाडगा. वर पुन्हा जमीन सारवली जाई आणि त्याच खोलीत आई स्वयंपाक करी. मोठ्या माणसांना उताणं, डोकं उत्तरेकडे करून ठेवत, पण त्यांची पावलं घोट्याजवळ तोडलेली असत. मेलेल्याने उठून घर सोडून जाऊ नये म्हणून, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटण्याजोगं वाटतं. सिद्ध मात्र झालेलं नाही.

आणि या नियमाला एक ठळक अपवाद आहे. त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण सापडला. त्यात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष. त्याची पावलं शाबूत. घर मोठं, कोठार शेजारी, दफन वेगळं. गावाचा मुखिया, असा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला, आणि तीन पुरावे एकाच जागी एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर तो अर्थ कल्पनेचा खेळ राहत नाही.

इसवी सनापूर्वी 1000 नंतर चित्र बदलतं. ऐसपैस घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांचा दर्जा उतरतो. शेती आकसते, हरणांच्या शिकारीवर आणि शेळ्या-मेंढ्यांवर भर वाढतो. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, हवामान कोरडं झालं आणि शेतकरी हळूहळू अर्धे भटके झाले. पुढच्या संशोधकांनी याला प्रश्न विचारले. पाऊस खरंच तेवढा घटला, की पिढ्यान्‌पिढ्या कसून जमीनच दमली? वाद अजून मिटलेला नाही. पण त्यात सगळ्यात वजनदार साक्ष त्या रांजणांतल्या बाळांची आहे. त्यांची हाडं आणि दात तपासल्यावर दिसलं की उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती. गावावर आलेला ताण भिंतींवर नंतर दिसतो, मुलांच्या हाडांत आधी उतरतो.

इथे कुणी आक्रमक आला नाही. जाळपोळीचा थर नाही. ओढगस्तीतही लोक तीनशे वर्षं त्याच नदीकाठी राहिले. घर लहान केलं, पीक बदललं, जनावर बदललं, पण मूल गेलं की दोन रांजणांची रीत सोडली नाही. ‘संस्कृतीचा ऱ्हास’ असं दोन शब्दांत म्हणून मोकळं होताना आपण या तीनशे वर्षांच्या चिवटपणावर अन्याय करतो, हेच मला आज मुख्यतः सांगायचं होतं.

घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी यांच्या काठी अशा कितीतरी पांढरी आहेत. त्यांची माती भुसभुशीत, खताला चांगली, म्हणून शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या नेत आले. पण बैलगाडीने नेलेली माती वेगळी आणि जेसीबीने दोन दिवसांत सपाट केलेलं टेकाड वेगळं. समोर नदीकाठच्या गावांतून आलेले विद्यार्थी बसले आहेत, म्हणून सांगतो. सुट्टीत घरी गेलात की पांढरीवर एक चक्कर मारा. नक्षीचं लाल खापर दिसलं तर उचलू नका. जागेचा फोटो काढा, गट नंबर टिपून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. जोडलेले दोन रांजण दिसले तर त्याच दिवशी कळवा.