काउंटरच्या आतून

(दृश्य: बाजारातलं बंद शटर. कुलूप. समोरून स्कूटर जातात.)

या शटरला एक खोड आहे. डावीकडून उचललं की अर्ध्यावर अडतं. उजवीकडे धरायचं, जरा आपल्याकडे ओढायचं आणि मग वर ढकलायचं. चित्रीकरणाला आलेल्या मुलांनी तीनदा डावीकडून जोर लावला. शेवटी मीच पुढे झाले.

डिचोलीच्या बाजारातलं हे आमचं सहकारी ग्राहक भांडार. आणीबाणीच्या दिवसांत मी इथं नोकरीला लागले, तेव्हा १९ वर्षांची होते. खाली धान्य, किराणा, भांडी. वर कापड, वह्या, छत्र्या. एका छपराखाली सगळं मिळणारं असं दुकान आमच्या भागात तेव्हा नवलाचं होतं. बुधवारच्या बाजाराला आलेली माणसं भाजीची पिशवी दाराशी ठेवून नुसती बघायलाही आत यायची. आम्ही कुणालाच हटकत नसू.

(दृश्य: भिंतीवरचा काळा फळा, पुसट अक्षरं.)

हा फळा बघा. वर रंगाने लिहिलेलं अजून वाचता येतं: जिन्नस, दर, शिल्लक. रोज सकाळी यावर खडूने आकडे लिहायचे, हे माझं पहिलं काम. आणीबाणीत दर आणि साठा दर्शनी भागात लावायची सक्ती झाली. बाजारात बऱ्याच जणांना तो जाच वाटला. आमच्याकडे फळा त्याआधीपासून होता. भागधारक हाच इथला मालक. गोदामात साखर किती उरलीय हे मालकाला कळायला नको?

पहिल्याच दिवशी मॅनेजरबाबांनी मला समोर बसवून एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथे १८४४ साली २८ माणसांनी, त्यांतले पुष्कळसे विणकर, पै पै जमवून दुकान काढलं. विकायला काय? लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या. बस्स. पण पीठ बिनभेसळीचं आणि माप पुरं. वर्षाअखेर नफा उरला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. प्रत्येक नव्या नोकराला ते ही गोष्ट सांगायचे. तोंडी परीक्षाच म्हणा ना, कारण आठवड्याने ते विचारायचे, "बाय, किती माणसं होती?"

मला वाटतं, आमच्या लोकांना ही कल्पना लवकर पटली ती वेगळ्या कारणाने. गोव्यात गावकरी होती, तिलाच कोमुनिदाद म्हणतात. जमीन गावची, सामायिक, आणि उत्पन्नातून गावकाराला मिळायची ती झोण. म्हणून आमच्या वार्षिक सभेत लाभांश जाहीर झाला की म्हातारी माणसं एकमेकांना विचारायची, "यंदा झोण किती?" इतिवृत्तात मात्र मास्तर नेमाने 'लाभांश' लिहायचे. मास्तर म्हणजे आमचे हिशेबनीस.

(दृश्य: जुनी कागदपत्रं, वाळवी लागलेलं सभासद नोंदणीचं पुस्तक.)

अशी भांडारं का निघाली, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. पोर्तुगिजांच्या शेवटच्या वर्षांत भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती. माल जहाजाने यायचा, बाजारात परदेशी जिनसा असायच्या. माझे वडील हॉलंडच्या बटाट्यांच्या गोष्टी सांगायचे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. चलन बदललं, व्यापार बदलला, ती जहाजं थांबली. वर्ष सरतं न सरतं तोच चीनचं युद्ध आणि देशभर महागाईची धास्ती. नोव्हेंबर १९६२मध्ये केंद्र सरकारने शहरांतून ग्राहक भांडारं उघडण्याची योजना आणली. महाराष्ट्राचा १९६०चा सहकारी संस्था कायदा गोव्यालाही लागू केला होता. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत सुपर बझार सुरू झाला. मुंबईच्या नायगावात तर अपना बाजारची सुरुवात १९४८ सालचीच. त्या लाटेचा एक छोटा तरंग म्हणजे आमचं हे दोन मजल्यांचं दुकान.

(दृश्य: तराजू. टेबलावर ओळीने मांडलेली वजनं.)

आता इथे जरा थांबायचंय.

हे दोन किलोचं लोखंडी वजन. सहा बाजूंचं. हातात घ्या, थंड लागेल. आता उलटं करून दाखवते. तळाशी हे भोक, त्यात शिसं ओतलेलं, आणि शिशावर ठोकलेले हे बारीक शिक्के. वजनमाप खात्याचा निरीक्षक यायचा, आपल्या प्रमाण वजनाशी ताडून बघायचा आणि बरोबर असेल तर शिक्का मारायचा. शिक्क्यात सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. नख फिरवलं तरी लागतात. वापरून वापरून लोखंड झिजतं, वजन हलकं होतं. दिसायला दोन किलो, पण गिऱ्हाइकाच्या पदरात थोडं कमीच पडतं. त्यासाठी ते शिसं असतं. घट भरून काढायची आणि मगच नवा शिक्का मिळवायचा.

दांडीला पासंग बांधायचा नाही, ही मॅनेजरबाबांची सक्त ताकीद. रिकामी पारडी एका रेषेत येत नसतील तर चिंधी नको, खडा नको. तराजू उतरवायचा आणि दुरुस्तीला धाडायचा. तोवर त्या काउंटरवर विक्री बंद. चवथीच्या तोंडावर एकदा असं झालं होतं. दारापर्यंत रांग, गूळ-रवा-चणाडाळीसाठी माणसं ताटकळलेली, आणि आमचा मोठा तराजू माळ्यावर. कुणीतरी आवाज चढवला. रांगेतलीच एक आजी म्हणाली, "थांबा रे, तराजू खोटा असलेला चालतो काय?" आणि रांग थांबली. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

वजन करायची रीतसुद्धा ठरलेली. आधी गिऱ्हाइकासमोर रिकामी पारडी. मग वजन. मग माल, पण हात आखडता, म्हणजे शेवटी चिमटीने भर घालता येते. जास्त टाकून काढून घेतलेलं दिसायला वाईट. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पारड्यातून काढायचं नाही, घालायचं. कुळागरातून, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांतून, येणारी जुनी माणसं अजून कुडव या जुन्या मापाच्या हिशेबात बोलायची. वीस कुडवांची खंडी त्यांच्या तोंडात बसलेली. त्यांना किलोचं गणित काउंटरवरच कागदावर मांडून दाखवायचं, आणि त्यांचं समाधान होईपर्यंत मागच्याने थांबायचं.

(दृश्य: हात. रद्दीचा कागद. पुडी बांधली जाते. जवळून.)

हे माझे हात. कॅमेऱ्यासाठी घरून मीठ आणलंय, भांडारात आता काहीच नाही.

कागदाचा कोपरा आत, शंकू, टोक दुमडून घट्ट. भरायचं. एकदा आपटायचं, म्हणजे खाली बसतं. वरचे तीन पदर आत, चौथा खोचायचा. सुतळीचा गुंडा भोक पाडलेल्या डब्यात, डबा वर टांगलेला, टोक नेहमी नाकासमोर लोंबणारं. आडवा वेढा, उभा वेढा, गाठ. आणि सुतळी तोडायला कात्री नाही. बोटाला एक फास, त्यावर दुसरा, झटका. तुटली. या बोटावर आडवी रेघ दिसते ना, ती त्याची. कापड विभागातल्या वहिनींच्या बोटावर ती नव्हती, त्यांच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता.

वहिनींच्या काउंटरवर नियंत्रित दराचं कापड यायचं. धोतर, साडी, लांगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल. किंमत कापडावरच छापलेली. जाडंभरडं, पण टिकाऊ. खाणीवर काम करणाऱ्या बाया ते बोटांत चुरगळून बघायच्या, खळ किती ते कळायला. त्यांच्या बोटांची लाल माती पांढऱ्या लांगक्लॉथवर उमटायची. वहिनी एकदाही बोलल्या नाहीत. तेवढा तुकडा स्वतः झटकायच्या आणि पुढचं कापड उलगडायच्या.

(दृश्य: कॅशमेमोचं पुस्तक, कार्बनचा निळा डाग.)

या कॅशमेमोवर पत्त्याखाली छापलंय 'गोवा, दमण व दीव'. ३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले. आमच्या कपाटात मात्र जुनी छापील पुस्तकं होती. ती टाकायची? सभासदांच्या पैशाचा कागद होता तो. पावतीगणिक 'दमण व दीव'वर एक रेघ मारायची, असा हुकूम निघाला. किती महिने मारत होते देव जाणे. ही बघा, माझीच रेघ. पट्टी धरून ओढलीय.

पावती दोन प्रतींत. वरची गिऱ्हाइकाला, कार्बनची आमच्याकडे. एका रुपयाची काड्यापेटी घेतली तरी पावती. खाणीचा पगार झाला की संध्याकाळी दोनशे-दोनशे पावत्या फाटायच्या, त्या रात्री मास्तर टॉर्च घेऊन घरी जायचे, कारण शेवटची बस निघून गेलेली असायची.

आणि ३१ मार्च. साठामोजणीची रात्र. शटर आतून ओढून घ्यायचं आणि एकूण एक वस्तू मोजायची. सुयांची पाकिटं, वातींचे गठ्ठे, कंदिलाच्या काचा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा. साबणाची एक वडी कमी आली म्हणून आम्ही पहाटे तीनला अख्खं कपाट पुन्हा उतरवलंय. सापडली, मागे पडली होती, उंदराने कुरतडलेली. नोंद झाली: 'साबण, एक नग, खराब.' बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की कळायचं, उजाडलं. गरम पाव आणि चहा. तो चहा संस्थेच्या खर्चात नसायचा, मॅनेजरबाबांच्या खिशातला असायचा.

(दृश्य: वरच्या मजल्याचा जिना. तीन जुने सहकारी पायऱ्यांवर बसलेले. निवेदन नाही. वीस सेकंद.)

२०१२ साली खाणी बंद पडल्या. उधारी अडकली, माल यायचा थांबला, माणसं कमी झाली, आणि एका मार्चअखेरनंतर शटर उघडलं नाही. आमच्यातल्या काहींचे पैसे राहून गेले.

(दृश्य: पुन्हा वजनं. आता एका खोक्यात.)

बंद पडलेल्या संस्थेचा हिशेब मिटवायला नेमलेले अधिकारी म्हणजे अवसायक. त्यांच्या यादीत ही वजनं आहेत. मी यादी वाचली. 'लोखंडी वजने, जुनी, भंगार.' म्हणजे ती काट्यावर चढणार आणि किलोच्या भावाने जाणार. सोबत फळा, तराजू, सभासदांचं नोंदपुस्तक. त्या पुस्तकात या शहरातल्या कितीतरी घरांच्या आज्यांची नावं आहेत, त्यांच्या स्वतःच्या सह्यांनिशी. काहींनी आयुष्यात स्वतःच्या नावावर घेतलेली पहिली गोष्ट म्हणजे आमच्या भांडाराचा दहा रुपयांचा भाग. आम्ही पाच जणांनी अर्ज दिलाय की एवढ्या चार वस्तू वाचनालयाच्या एका कपाटात ठेवू द्या. आम्ही किंमत भरू. नवी नाही मागत, भंगाराची जी होईल ती. अर्जाला उत्तर यायचंय.

(दृश्य: शटर खाली येतं. उजवीकडून.)

चावी दोन तासांसाठी मिळाली होती. संध्याकाळी अवसायकांच्या कचेरीत परत करायला गेले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, ठेवा टेबलावर, काकी. मी म्हटलं, पोच दे. त्याने कोरा कागद घेतला, तारीख घातली, 'एक चावी मिळाली' असं लिहिलं आणि सही केली.

मी पिशवीतून कार्बन काढला आणि त्याला दुसरी प्रत करायला लावली.