नळ सोडून रडताना
(माहितीपट निवेदन)

(दृश्य: बंद दार. दाराबाहेर स्टूल, त्यावर झाकलेलं ताट.)

सप्टेंबर २०२०. पुणे, कोथरूड. दाराच्या आत एक शाळेतल्या बाई आहेत, बाहेर त्यांचा मुलगा. तो दारावर टकटक करतो आणि मागे सरकतो. दार फटीएवढं उघडतं, एक हात बाहेर येतो, ताट आत जातं. कोरोनामुळे गृह विलगीकरणाचे १७ दिवस, तिन्ही त्रिकाळ हेच. ताटात मऊ भात, मेतकूट, लिंबाची फोड. तोंडाला चव नाही म्हणून लोणच्याचा खार जरा सढळ हातानं वाढलाय.

(दृश्य: ऑक्सिमीटरमधलं बोट, ९६. खिडकी. समोरच्या गच्चीतल्या दोरीवर वाळणारे मास्क.)

खोलीतलं सगळं चित्रण बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर केलंय. वाफाऱ्याचं भांडं आहे, औषधांच्या पट्ट्या आहेत, दुपारची उन्हं सरकत सरकत कपाटापर्यंत गेलेली आहेत. त्या रडतानाचं एकही दृश्य नाही. रडायच्या त्या न्हाणीघरात, नळ सोडून. मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून.

(दृश्य: हलणारा व्हिडिओ कॉल. धरणाऱ्याचं बोट अर्ध्या पडद्यावर. आवाज बंद.)

याच दिवसांत सांगलीला त्यांची आई गेली. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. लेक २१वी नव्हती, ती खोलीत बंद होती.

एरवी आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. कुणीतरी चपला सरळ करतं, कुणीतरी पोरांना आपल्या घरी नेतं. समाचाराला नवीन माणूस दारात आलं की घरातल्या बायकांना पुन्हा हुंदका फुटतो, आणि आलेली बाई काही न बोलता शेजारी टेकते. या सगळ्याला आपण रीत म्हणून नाकं मुरडत आलो. निदान मी तरी. पण ही रीत फार मोठं काम करत होती, ते २०२० साली ती बंद पडल्यावर दिसलं.

(दृश्य: फळ्यावर डोळ्याचं चित्र. समुपदेशक खडूने अश्रुग्रंथी दाखवताना.)

डोळ्यांत पाणी तीन तऱ्हेचं असतं. एक डोळा ओला ठेवणारं, एक कांदा चिरताना येणारं, आणि एक मन भरून आल्यावरचं. मन भरून आलं की श्वास जास्त घेता यावा म्हणून घशातली फट उघडी राहू पाहते. आवंढा गिळायला मात्र ती मिटावी लागते. या ओढाताणीतून घशात गोळा आल्यासारखं वाटतं. रडू सुरू झालं की आधी छातीत धडधड वाढते, मग रडं ओसरताना श्वास लांबतो, अंग सैल पडतं. मोकळं वाटतं ते बहुधा या दुसऱ्या टप्प्यात. आणि तेही दरवेळी नाही. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे आड विंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली रडण्याचे तीन हजारांवर अनुभव तपासले. रडताना ज्यांना कुणाचा आधार मिळाला, त्यांना नंतर बरं वाटल्याचं प्रमाण जास्त होतं. न्हाणीघरात नळाच्या आवाजाखाली रडणाऱ्या बाईला हा दुसरा टप्पा गाठणं किती अवघड, ते यावरून कळावं.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत चेहरे.)

हे प्रशिक्षण चाललंय. फोनवर ऐकून घेणाऱ्यांचं. टाळेबंदीत अशा सेवांना मोठा आधार मिळाला तो आधीपासून काम करणाऱ्यांचा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनवरून समुपदेशन करणारी सेवा २०१२ पासून होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची हेल्पलाइन मात्र मार्च २०२०मध्ये सुरू झाली.

प्रशिक्षण देणाऱ्या समुपदेशक बाईंचा पहिला नियम असा: 'रडू नका' म्हणायचं नाही. 'सगळं ठीक होईल' हेही नाही, कारण ते आपल्याला माहीत नसतं. समोरून फक्त हुंदके येत असतील तर एवढंच म्हणायचं, "मी आहे फोनवर. घाई नाही." मग गप्प बसायचं. शिकाऊ मुलांना हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं. या मुलीकडे बघा, हातातलं पेन किती वेळा उघडझाप करतेय.

रडं आवरेना, श्वास लागला, तर मात्र सूचना द्यायच्या, आणि त्याही एका वेळी एकच. दोन्ही तळपाय फरशीवर टेकवा. फरशी गार लागतेय का? तोंडावर पाणी मारून या, मी थांबते. आता श्वास सोडताना जरा लांबवा. खोलीत डोळ्यांसमोर काय काय दिसतंय ते सांगा. त्यानंतरचे प्रश्न साधे: आज जेवलात का? झोप कशी लागते? आणि एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारायचाच, जीव नकोसा होतोय का. तसं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते खूळ शिरत नाही. उलट आपल्याला बोलता येईल हे त्याला कळतं. फोन ठेवायचा तो समोरच्यानं.

(दृश्य: उशाशी ठेवलेला फोन. आवाज: कुकरची शिट्टी.)

कोथरूडच्या बाईंनी अशाच एका क्रमांकावर फोन केला. त्या बोलण्यातून एक उपाय निघाला. कोल्हापूरच्या थोरल्या बहिणीला रोज रात्री नऊला फोन. हा त्यातलाच ध्वनी आहे. ताईने फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलाय. भांड्यांचा आवाज येतो, मध्येच एकीला रडू येतं, दुसरी नुसती "हं" म्हणते आणि भाजी परतत राहते.

विलगीकरण संपलं तोवर आईचं दिवसकार्य उरकलं होतं. झोप रुळावर यायला पुढे कैक महिने गेले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ऐकणारेही थकले.

(दृश्य: भिंतीवरचं पोस्टर, १४४१६.)

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आधाराची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

दोघी बहिणींचा नऊचा फोन अजून चालू आहे. आता त्यावर भांडणंही होतात. सध्या आईच्या पाटल्या कुणाकडे राहायच्या यावरून जुंपली आहे.