रेषा एकच, लक्ष्यं वेगळी

(दृश्य: सकाळचं मैदान. गवतावर आखलेली पांढरी रेषा. दोन शिट्या.)

दोन शिट्या म्हणजे रेषेवर या. एक शिटी झाली की बाण सोडायला मोकळीक. तीन झाल्या की धनुष्य स्टँडवर ठेवून बाण आणायला चला, चालत, पळत नाही. आणि शिट्यांचा सपाटाच सुरू झाला तर दोरी ताणलेली असली तरी हळूच परत घ्यायची, बाण काढायचा, थांबायचं. या तिरंदाजी क्लबमध्ये नव्या माणसाला सगळ्यात आधी हे पाठ करावं लागतं. धनुष्य हातात येतं ते त्यानंतर.

आज पहिल्यांदा आलेल्यांत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याची आई आहे आणि गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. तिघंही एकाच रेषेवर उभी राहणार. लक्ष्यं मात्र एका ओळीत नाहीत. 70 मीटरवर मारणाऱ्यांची मैदानाच्या पार टोकाला, नवख्यांची इतकी जवळ की बघणाऱ्याला हसू यावं. रेषा जागची हलत नाही, लक्ष्य पुढे-मागे होतं. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे: कुणीही दुसऱ्याच्या बाणापुढे उभं असता कामा नये. पण त्यामुळे स्पर्धा गाजवणारी मुलगी आणि कालपर्यंत धनुष्याला हातही न लावलेल्या काकू शेजारी शेजारी येतात. शिवाय काकूंचा शेवटचा बाण सुटेपर्यंत त्या मुलीलाही आपले बाण आणायला जाता येत नाही.

(दृश्य: प्रशिक्षक दोन्ही तळव्यांचा छोटा त्रिकोण करून दाखवतात.)

"काकू, दोन्ही डोळे उघडे ठेवून या त्रिकोणातून माझं नाक बघा. आता डावा डोळा मिटा. दिसतोय मी?"

"दिसताय."

"आता उजवा मिटा."

"गेलात की हो!"

म्हणजे काकूंचा उजवा डोळा प्रबळ. धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्याने. मुलाचं उलट निघतं. लिहितो उजव्या हाताने, पण नेम डाव्या डोळ्याचा. त्याला डावखुरं धनुष्य मिळतं आणि तो भलताच खूश होतो.

धनुष्य किती जड, असं विचारलं तर इथे उत्तर पौंडांत येतं. ते तराजूवरचं वजन नव्हे. दोरी पूर्ण ताणल्यावर बोटांवर जेवढा ताण येतो, तो हा आकडा. मुलाच्या हातातलं 12 पौंडांचं, दोघींची 18 च्या आसपास. ऑलिम्पिकमधले पुरुष 45 ते 50 पौंड ओढतात, हे ऐकून पहिल्याच दिवशी जड धनुष्य मागणारे येतातच, आणि ते बहुतेक धडधाकट तरुण असतात. मग खांदा कानाला टेकतो, कंबर मागे जाते, आणि पुढे कित्येक महिने तीच सवय मोडण्यात जातात. काकूंना असली हौस नाही. त्या झटकन शिकतात.

(दृश्य: अगदी जवळून, बोटं आणि दोरी.)

नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, दोरीवर टक् करून बसतो. तीन पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला. बादलीची कडी धरावी तशी तीन बोटं पहिल्या पेरात अडकवायची, मूठ वळायची नाही. हात हनुवटीखाली येऊन टेकतो, दोरी हनुवटीला लागते. ओढायचं दंडाने नाही, पाठीने. खांद्याची पाती एकमेकींकडे सरकली पाहिजेत. आणि मग बोटं फक्त सैल पडू द्यायची. हे "फक्त" जमायला वेळ लागतो.

एक सक्त ताकीद: बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जायची ती सगळी शक्ती धनुष्याच्या पात्यांत, म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांत, शिरते आणि पाती तडकू शकतात.

आईच्या कोपराच्या आतल्या बाजूला दोरीचा फटका बसलाय. हाताला जपणारा आर्मगार्ड बांधलेला होता, पण कोपर आत वळलेलं होतं. प्रशिक्षक ते जरा बाहेर फिरवून देतात. पुढचा बाण बिनबोभाट जातो.

समोर अजून रंगीत कागद लावलेला नाही, नुसता गवताचा जाड गठ्ठा आहे. आमच्या मते हीच इथली सगळ्यात शहाणी पद्धत. कागद दिसला की माणूस मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या मागे लागतो आणि अंगाकडे दुर्लक्ष करतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, स्पर्धांची दृश्यं.)

वय झालं म्हणून घरी बसायला हा खेळ सांगत नाही. 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये क्वीनी न्यूअल यांनी सुवर्ण जिंकलं तेव्हा त्या 53 वर्षांच्या होत्या. अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेती झाली ती 17 व्या वर्षी. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये व्हीलचेअरवर बसून खेळल्या. आणि हातांशिवाय जन्मलेली शीतल देवी पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमारसोबत कांस्य मिळवलं.

(दृश्य: 122 सेंटिमीटरचा कागद लावला जातो.)

अखेर कागद लागतो. 70 मीटरवरून हाच कागद वापरतात, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. इथे अंतर त्याच्यापेक्षा कितीतरी कमी आहे. तरी काकूंचे तिन्ही बाण खाली, डावीकडे, सगळ्यात बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यात. काकूंचा चेहरा पडतो. प्रशिक्षक मात्र खूश.

"तिन्ही एकाच जागी गेलेत, काकू! विखुरले असते तर काळजी होती."

चूक दर वेळी सारखीच होत असेल तर ती दुरुस्त करता येते. बाण जिकडे जातो तिकडेच साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवायची: खाली आणि डावीकडे. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. काकूही दोनदा विचारून घेतात. पुढच्या फेरीत एक बाण आतल्या निळ्यात, दोन त्याच्याही आतल्या लालमध्ये.

(दृश्य: क्लबचं कपाट. वेगवेगळ्या मापांची धनुष्यं.)

घरी जाताना आई विचारते, मुलासाठी धनुष्य कुठलं घ्यायचं? उत्तर मिळतं, इतक्यात कुठलंच नको. मुलाची उंची वाढेल, दोघांचीही ताकद वाढेल, आणि धनुष्याची पाती बदलावी लागतील. तोवर कपाटातली घ्या. टॅब, म्हणजे दोरी ओढणाऱ्या बोटांना जपणारा तुकडा, तेवढा स्वतःचा आणा, बोटांच्या मापाचा.