चाल तीच, टोला नवा

नमस्कार नाशिककर! आज गाणी कमी आणि बडबड जास्त होणारे, आधीच सांगून ठेवतो. विषय आहे राजकारण्यांची टर उडवणारी, चोरलेल्या चालीवरची, रातोरात व्हायरल होणारी गाणी.

जुलै 2017 आठवतोय? सोनू तुझा माझ्यावर भरवसा नाय काय हे गाणं सगळीकडे. हळदीत सोनू, गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये सोनू, पोरांच्या व्हॅनमध्ये सोनू, नुसता वैताग आला होता, आणि तेवढ्यात मुंबईच्या रेड एफएमची आरजे मलिष्का त्याच चालीवर गायली, सोनू तुला बीएमसीवर भरोसा नाय काय. खड्डे कसे गोल गोल वगैरे. गाणं तसं साधंच होतं हो, पण पालिकेला असं झोंबलं की विचारू नका. सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनी थेट 500 कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा ठोका म्हणून मागणी केली, पालिकेची माणसं तिच्या घरी जाऊन डेंग्यूच्या डासाच्या अळ्या शोधून आली, नोटीस निघाली, आणि वर सेनेकडून त्याच चालीत उलट गाणंही आलं. खड्डे होते तिथेच.

आता एवढं झोंबायचं कारण काय? खड्ड्यांच्या बातम्या तर रोज छापून येतात, कोण विचारतं. माझं म्हणणं असं की अशा गाण्यात खरा टोला शब्दांचा नसतोच, तो मारतं मूळ गाणं, जे कोणी गात नसतं पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालू असतं. मूळ गाण्यात गाणारा सोनूला म्हणतो, माझ्यावर भरवसा नाय काय. म्हणजे गडबड त्याचीच आहे आणि वर विचारतोय! त्या जागी पालिका बसवली की झालं, आरोप करायची गरजच नाही.

घरचं उदाहरण घ्या. पाडगावकरांचं भोलानाथ तुम्हाला मला सगळ्यांना पाठ. आता पावसात द्वारका सर्कलला अडकलाय, पुढे सिटीलिंकची बस, मागे ट्रक, आणि मनातल्या मनात म्हणा, सांग सांग आयुक्ता, खड्डा बुजेल काय? बसलं की नाही बरोब्बर? पाऊस पडेल काय, खड्डा बुजेल काय, चालीत बसतंच, कुठे ओढाताण नाही. पुढची तळं साचायची ओळ तर बदलायलाच नको, आपल्याकडे साचतंच. आणि गंमत बघा, भोलानाथ कोण? नंदीबैल! काहीही विचारा, मान हलवतो. साहेबांना बैल कोणी म्हटलं? कोणीच नाही. पण हसलात ना!

म्हणूनच अमेरिकेतला रँडी रेनबो मला अर्धाच पोचतो. तो ट्रम्पच्या खऱ्या क्लिपा कापून स्वतःच मुलाखत घेतल्यासारखं करतो आणि मग ब्रॉडवेच्या नाटकांच्या चालीवर गायला लागतो, गातो सॉलिड, तिकडची पब्लिक लोटपोट, पण ती मूळ गाणी आपण लहानपणी ऐकलेली नाहीत ना, मग डोक्यात दुसरं गाणं वाजणार कसं.

आणि निवडणुकीत रिक्षावर भोंगा लावून फिरतात ती गाणी? चाल झिंगाटची, शब्द भाऊंचे, विकासपुरुष, कार्यसम्राट, अमुक प्रभागाची शान. चाल उसनी घेतली म्हणून विडंबन होत नाही राव. त्यात कोणाची टरच नाही. निकाल लागला की ते गाणं उमेदवारालासुद्धा आठवत नाही.

आपल्या मातीतलं एक नाव घेतल्याशिवाय मात्र पुढे जाणार नाही. लोककवी वामनदादा कर्डक, आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. मुंबईत मजुरी करत, मोठेपणी अक्षरं शिकले, आणि 1943 साली पहिलं गाणं लिहिलं ते एका हिंदी गाण्याचं विडंबन! पुढे तोच माणूस टाटा-बिर्लांना भर सभेत आमचा वाटा कुठाय म्हणून विचारणारं गाणं लिहून गेला. रील नाही, यूट्यूब नाही, गाणं वस्त्यावस्त्यांतून तोंडातोंडी गेलं. व्हायरल म्हणजे अजून काय असतं?

आता तुमच्यापैकी कोणाला खाज सुटली असेल, सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांवर गाणं करावं म्हणून. करा की! फक्त मूळ गाण्याचा ट्रॅक तसाच्या तसा लावू नका, आणि चालीवरही कॉपीराइट असतो हे विसरू नका. कॉमेडियन कुणाल कामराने मार्च 2025 मध्ये एकनाथ शिंदेंचं नाव न घेता दिल तो पागल है मधल्या चालीवर गाणं म्हटलं, खारचा स्टुडिओ शिवसैनिकांनी फोडला तो फोडलाच, पण नंतर टी-सीरीजनेही व्हिडिओवर कॉपीराइट लावला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात टीका-समीक्षेसाठी सूट आहे, पण विडंबन हा शब्द त्यात नाही, त्यामुळे वकील दोन्हीकडून भांडू शकतात. तुम्ही आपली ढोलकी घ्या, बाजूच्या काकांना पेटी धरायला सांगा आणि स्वतःच्या गळ्यातून गा, बेसूर असलं तरी चालेल, मलिष्का तरी कुठे लता मंगेशकर होती.