हिऱ्याची झीज

तबकडी शेवटच्या पदाशी आली आहे. इतका वेळ स्वच्छ येणारा आवाज आता खरखरू लागला असून गायिकेच्या तोंडचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फाटून बाहेर पडतो आहे. अशा वेळी ‘रेकॉर्ड जुनी झाली’ असे म्हणून तबकडी कपाटात ठेवून दिली जाते. पण तिला दोष देण्यापूर्वी तबकडीवर फिरणाऱ्या लांब दांड्याच्या, म्हणजे टोनआर्मच्या, टोकाशी बसवलेले कार्ट्रिज (कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग), आणि त्यातही घरोघरी जिला पिन म्हणतात ती इवलीशी सुई, तपासायला हवी.

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवरची खोबण उलगडून सरळ केली, तर तिची लांबी सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. पिनेच्या टोकाचा हिरा ही सारी वाट घासत चालतो. हजार तासांच्या वादनात त्याची चाल तेराशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे मुंबईहून निघून तो जवळजवळ दिल्ली गाठतो. हिऱ्याच्या पिनेचे आयुष्य साधारणपणे ५०० ते १००० तास धरतात. नीलमण्याची पिन त्याच्या कितीतरी आधी संपते.

खोबणीच्या दोन तिरप्या भिंतींवर डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज कोरलेला असतो. हिरा तळाला न टेकता या दोन्ही भिंतींना चिकटून सरकतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही कुशी झिजून तिथे सपाट पैलू पडतात आणि पैलूंना धारदार कडा येतात. अशी पिन पटाशीसारखी भिंतींवरची बारीक वळणे तासत जाते, आणि एकदा तासले गेलेले स्वर कितीही महागडी पिन लावली तरी परत मिळत नाहीत. लेबलाजवळ हा दोष आधी ऐकू येतो, कारण बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकणारी खोबण आत जेमतेम २० सेंटिमीटरने सरकते आणि तेवढ्याच जागेत साऱ्या लहरी दाटीने कोरलेल्या असतात. ज्यांच्याकडे पुन्हा कधीच न निघालेल्या तबकड्या आहेत, त्यांनी ‘अजून वाजते आहे ना’ या समजुतीवर राहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ही झीज साध्या भिंगातून ओळखता येत नाही. वादनाचे तास वहीत टिपून ठेवणे हाच घरगुती उपाय.

कार्ट्रिजचा एक प्रकार म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट. यात पिनेच्या दांडीच्या मागच्या टोकाला चुंबक असतो आणि तारेची वेटोळी कार्ट्रिजच्या अंगात असतात, म्हणून पिनेचा भाग तेवढा ओढून काढून त्याच जातीचा नवा बसवता येतो. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकारात वेटोळी दांडीवरच असतात; तिथे सूक्ष्मदर्शकाखाली नवा हिरा बसवणारा कारागीर गाठावा लागतो किंवा सगळे कार्ट्रिजच बदलावे लागते. जुन्या सूटकेस प्लेयरमधल्या क्रिस्टल कार्ट्रिजची गोष्ट निराळी आहे. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक ओलावा शोषून निकामी होतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याला फार दिवस जगण्याची आशा नसते.

संपूर्ण कार्ट्रिज बदलताना चार तारांच्या टोप्या चिमट्याने, तार न ओढता, काढाव्यात. पांढरी आणि निळी तार डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. एकाच बाजूच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर आवाज येतो, पण खर्जातला भरणा हरवतो आणि कारण लवकर सापडत नाही. टोप्या कार्ट्रिजला लावलेल्या असताना डाख देण्याची तापलेली सळई (सोल्डरिंग आयर्न) तिथे मुळीच नेऊ नये.

मग मापकाच्या आखलेल्या कागदावर कार्ट्रिज सरळ करायचे. तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत आत जाते, टोनआर्म मात्र कमानीत फिरतो, त्यामुळे दोघांचा कोन फक्त दोन ठिकाणी तंतोतंत जुळतो. प्रचलित आखणीत ती ठिकाणे केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. यानंतर पिनेचा भार. ऑर्टोफॉनच्या टूएम रेड या कार्ट्रिजला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम सांगितलेला आहे. तबकडीला जपायचे म्हणून भार कमी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु हलकी पिन खोबणीत उसळते आणि भिंतींवर आपटून अधिक नासधूस करते.

७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी ही पिन वापरू नये. त्यांची खोबण रुंद असल्याने बारीक टोक तळाशी जाऊन कचऱ्यातून फरफटते. त्यांना सुमारे चौपट जाड टोकाची वेगळी पिन लागते.

नवी पिन बसली, भार जुळला आणि तरीही शेवटच्या पदातला ‘स’ त्याच जागी फाटत असेल, तर फारशी न वाजलेली दुसरी तबकडी लावून पाहावी. तिथे आवाज स्वच्छ आला, तर पहिल्या तबकडीच्या भिंती जुन्या पिनेने आधीच तासल्या आहेत.