दूध पुरतंय की नाही, हे लंगोट सांगतो

नमस्कार. लेकी-सुना, आज्या-मावश्या आणि मागच्या रांगेतले बाबा, भर पावसात सगळे आलात, बरं वाटलं. ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात, त्या निमित्तानं आजचं बोलणं. सुरुवातीला चिठ्ठ्यांचा डबा फिरवला होता. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच काळजी आहे: "माझं दूध बाळाला पुरतंय का?" तीच आधी घेऊ, कारण घरोघरी वरचं दूध सुरू होतं ते बहुतेक वेळा या शंकेपायीच.

बाळ रडलं की कुणीतरी म्हणतंच, "तिला दूध येत नाही वाटतं." पण ओलं झालं, उकडलं, ढेकर अडकला, नुसती आईची ऊब हवी असली, तरी बाळ रडतं. रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधता येत नाही. छातीच्या आकारावरून येत नाही, आणि पिळून किती निघालं यावरूनही येत नाही. चांगलं ओढणारं बाळ जेवढं काढतं, तेवढं हातानं किंवा पंपानं बहुधा निघत नाही. आत किती गेलं ते दिसत नसलं तरी बाहेर काय आलं ते दिसतं. म्हणून लंगोट मोजा.

पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं साधारण चढत जातं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान 6 वेळा, फिकट रंगाची भरपूर शू व्हायला हवी. शीचंही तसंच. पहिले दोन दिवस काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, सैल, बारीक कण असलेली. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, किंवा चौथ्या दिवसानंतर लंगोटावर विटकरी डाग पडत असतील, तर पोटात दूध कमी जात असल्याची शक्यता आहे. त्याच दिवशी दाखवायला न्या. डायपर ओला किती हे कळत नाही, असं पुष्कळजणी म्हणतात. घरी गेल्यावर कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 45 मिलिलिटर पाणी ओता आणि हातात धरून बघा. ओला डायपर एवढा जड लागतो.

दुसरा साक्षीदार वजनकाटा. जन्मानंतरच्या तीन-चार दिवसांत वजन थोडं उतरतंच. 3 किलोच्या बाळाचं 200 ग्रॅम उतरलं म्हणून पावडरच्या दुधाचा डबा आणायला धावू नका. 10 टक्के, म्हणजे 300 ग्रॅम उतरलं, तर मात्र बाळ कसं पितंय ते जाणत्या नर्सनं किंवा डॉक्टरांनी समोर बसून बघायला हवं. दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यावं आणि पुढे रोज 20 ते 30 ग्रॅम चढावं. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून करा. आज एका काट्यावर नि उद्या दुसऱ्यावर केलं, की नसलेली काळजी मागे लागते.

आता चिकाबद्दल. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिवळट, घट्ट चीक येतो, तोही थेंबाथेंबानं. "एवढ्यानं काय होणार?" असं वाटतं. पण पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला चमचाभर, म्हणजे 5 ते 7 मिलिलिटरच पितं. तेवढ्या चिकात जंतूंशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात आणि तो काळी शी बाहेर टाकायला मदत करतो. चीक जड असतो, पिळून टाकावा, असं जुनी माणसं सांगत. आज्यांनो, एवढं एक मागे सोडा. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून पाजायला घ्यावं. सिझेरियन झालं असलं तरीही. आई उठू शकत नसेल तर कुशीवर झोपून पाजता येतं, किंवा बाळ बगलेखाली धरून, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

दूध अंगात कुठून येतं? विहीर उपसली की झरते, तसं ते आहे. स्तन रिकामा होईल तितकं नवं तयार होतं, भरलेला राहिला की अंग दूध कमी करतं. म्हणूनच "रात्रीपुरती एक बाटली" महागात पडते. बाळ बाटलीनं पोट भरून झोपतं, छाती भरलेली राहते, दूध घटतं, मग दुसरी बाटली लागते. वर, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. नेमकी तीच पाळी चुकते. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, घड्याळ बघून नव्हे. बाळ तोंड उघडून मान वळवतं, मूठ चोखतं, तेव्हाच घ्यायचं. रडणं ही उशिराची खूण आहे. संध्याकाळी बाळ दोन-तीन तास सारखं मागतं, ते दूध आटल्याचं लक्षण नव्हे.

पण कितीही वेळा पाजलं आणि पकड चुकीची असली, तर सगळं वाया. हे बघा, ही बाहुली घेते. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका ओळीत. मान वळवून प्यायला लावू नका. मान वळवून तुम्ही स्वतः घोटभर पाणी पिऊन बघा. बाळाचं नाक बोंडासमोर आणा, तोंड समोर नको. वरच्या ओठाला बोंड हलकेच लावा आणि थांबा. बाळ जांभई देतं तसा मोठा आ करेल, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे न्यायची नाही, नाहीतर आईची पाठ भरून येते. हनुवटी आधी टेकायला हवी. नीट पकडलं की खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसतो, गाल फुगीर राहतात, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसतो. सुरुवातीला भरभर चोखून मग संथ ओढणं, थांबणं, गिळल्याचा बारीक आवाज, हे ऐकू येईल. टचटच आवाज येत असेल, गालाला खळगे पडत असतील, किंवा सोडल्यावर बोंड नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं निघत असेल, तर बाळ नुसतं बोंड चघळतंय. ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा करावं लागलं तर चार वेळा करा. बोंडाला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा यामुळेच. साबण लावू नका. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब तिथेच पसरून वाळू द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते आणि बाळाला पकडताच येत नाही. अशा वेळी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बोंडाभोवती ठेवून मिनिटभर छातीकडे दाबून धरा. तेवढा भाग मऊ झाला की बाळ पकडतं. तरीही जमत नसेल तर थोडं पिळा: अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरू देऊ नका. पाजल्यावर थंड पाण्याची पट्टी. एखादी जागा लाल, कढत, दुखरी झाली आणि ताप आला तर डॉक्टर, पण पाजणं थांबवू नका. दूध बाळाला अपाय करत नाही आणि साठून राहिलं तर दुखणं वाढतं.

बाकीच्या चिठ्ठ्या भराभर घेते. पाणी, मध, घुटी, ग्राइप वॉटर: सहा महिने काहीच नाही. गोव्यातल्या मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा नाही, आईच्या दुधात पाणी असतं. मधातून होणारा बोट्युलिझम नावाचा जंतूंच्या विषाचा आजार बाळाच्या जिवावर बेततो, म्हणून वर्षभर बोटही चाटवू नका. फक्त ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. नाळेला हळद, राख, तेल काही नको. कोरडी ठेवा, डायपर तिच्या खाली दुमडा. आंघोळ पहिल्या दिवशी नको. मालीश खोबरेल तेलानं हलक्या हातानं करा, पण नाकाकानात तेल नको, काजळ नको, आणि सर्दीला छातीवर फेणी चोळणं तर अजिबात नको. बाळाच्या पातळ कातडीतून दारू अंगात जाते. खोलीत निखाऱ्यांची धुरीही नको. बाळाची छाती सुजली तर पिळायची नाही, आईच्या संप्रेरकांमुळे ती आपोआप उतरते. मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडं रक्त जातं, त्याचंही कारण तेच.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, हा आपल्याकडचा खरा त्रास. दमट लंगोटानं जांघेत आणि मानेच्या वळीत लाल चट्टे उठतात. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करा, पावडर भुरभुरू नका, ती श्वासातून आत जाते.

बाळंतिणीच्या जेवणावर चार चिठ्ठ्या आहेत. पेज, नाचणीचं सत्त्व, मेथी, आळिवाची खीर खुशाल खा. त्यानं ताकद येते, पण बाळानं ओढल्याशिवाय दूध वाढत नाही. मासळी बंद करू नका. बांगडे, तारले उत्तम. मोरी, म्हणजे शार्क मासा, खाल्ल्यानं दूध वाढतं असा किनारपट्टीवर समज आहे, पण शार्कच्या अंगात पारा साठतो, ती बाजूला ठेवा.

काविळीबद्दल एका आजीनं विचारलंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळसर दिसणं पुष्कळ बाळांत होतं. पहिल्या चोवीस तासांत दिसली, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचली, तर उन्हात ठेवत बसू नका. ऊन हा त्यावरचा उपचार नाही. बाळ पिईनासं झालं, जागं होईना, मिनिटाला 60 हून जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढू लागली, आचके आले, काखेतला ताप 37.5 अंशांवर गेला किंवा अंग गार पडलं, तर 108 ला फोन करा. सरकारी हॉस्पिटल बांबोळीचं असो, म्हापशाचं असो वा मडगावचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा.

शेवटची चिठ्ठी नोकरीची आहे. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी मिळते. कायदा लागू असलेल्या ठिकाणी ती मागून घ्या. रजा संपायच्या पंधरा दिवस आधीपासून दिवसातून एकदा दूध काढायची सवय करा. उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवा, वर तारीख नि वेळ लिहा. आपल्या हवेत बाहेर चार तासांपेक्षा जास्त नको, फ्रिजमध्ये चोवीस तास. वीज बराच वेळ गेली आणि दूध गार राहिलं नाही, तर चार तासांत वापरा, नंतर टाकून द्या. साय वर आलेली दिसेल, ते दूध नासलेलं नसतं, हलकेच हलवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. भांडं कोमट पाण्यात ठेवा, दोन थेंब मनगटावर टाकून बघा आणि वाटी-चमच्यानं पाजा. बाळाला मांडीवर उभट धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा, आणि त्यानं जीभ पुढे करून चाटेपर्यंत थांबा.