सरकारचा वकील: ना परीक्षा, ना पर्मनंट नोकरी

नमस्कार मंडळी! पुण्यात लॉ कॉलेज रोडवर आयएलएस लॉ कॉलेजची पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: सॉलिसिटर जनरल, म्हणजे कोर्टात केंद्र सरकारची बाजू मांडणारा बडा वकील, व्हायला कुठली परीक्षा द्यायची?

कुठलीच नाही. शिवाजीनगर कोर्टात तारखा करायच्या, मग मुंबईचं हायकोर्ट गाठायचं (पुण्याला खंडपीठ का नाही, यावर बोलायला बसलो तर आजचा व्हिडिओ तिथेच संपेल), मग दिल्ली. वकिली गाजली, तर एखाद्या दिवशी सरकारचं बोलावणं येतं.

सर्वांत वर अ‍ॅटर्नी जनरल. हे पद घटनेच्या कलम 76 मधलं, राष्ट्रपतींची मर्जी असेल तोवरचं. सॉलिसिटर जनरलचं नाव घटनेत नाहीच. त्यांच्यासाठी 1987 चे नियम आहेत. केंद्राविरुद्ध केस घ्यायची नाही, परवानगीशिवाय फौजदारी खटल्यात आरोपीची बाजूही नाही.

पण खरा कस लागतो तो न्यायमूर्तींसमोर उभं राहून, तिथल्या तिथे द्यायच्या उत्तरात. आणीबाणीतला हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा या मागणीचा, खटला घ्या. अ‍ॅटर्नी जनरल नीरेन डे सांगत होते, अटकेविरुद्ध कोर्टात येताच येणार नाही. न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं: व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम 21 मध्ये जीवितही आहे. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तर?

डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर दाद नाही. माझ्याही मनाला धक्का बसतो, तुमच्याही बसेल; पण माझ्या युक्तिवादातून हेच निघतं.

लोक या उत्तरावरून डेंना झोडपतात. मला वाटतं, निदान त्यांनी झाकपाक केली नाही. सरकारची भूमिका शेवटी कुठे जाते, ते भर कोर्टात सांगून टाकलं. तरीही 28 एप्रिल 1976 ला सरकार चार विरुद्ध एक जिंकलं. विरोधात एकटे खन्ना. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले, आयएलएसमध्येच शिकलेले यशवंतराव चंद्रचूड होते! 2017 मध्ये तो निकाल मोडीत निघाला, आणि तो मोडीत काढणारा निकाल लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय होते. बाप-लेकाची ही गोष्ट सगळेच रंगवून सांगतात.

मला मात्र फली नरिमन जास्त महत्त्वाचे वाटतात. ते याच सरकारचे अ‍ॅडिशनल सॉलिसिटर जनरल, म्हणजे सॉलिसिटर जनरलच्या खालचे वकील. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली आणि त्यांनी लगेच राजीनामा टाकला. डे 1977 पर्यंत राहिले. नरिमन खासगी वकिलीकडे वळले आणि पुढे कित्येक दशकं त्याच सुप्रीम कोर्टात उभे राहत होते.